क्यूला एक्स्टेन्शन लावू की रेस्ट घेऊ? आधी कुठला हात कमी पडतोय ते बघा

पूल खेळायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली, स्वतःची स्टिक (क्यू) झाली, की पुढची खरेदी हमखास एक्स्टेन्शनची, म्हणजे स्टिक लांब करायच्या जोडतुकड्याची असते, कारण मोठ्या मॅचेसमध्ये प्रो लोक स्टिकच्या मागे काहीतरी खटकन फिरवून लावतात आणि ते दिसतं एकदम भारी. रेस्ट म्हटलं की मात्र तोंडं वाकडी. ती टेबलाखाली लटकलेली काठी, हात पोचत नाही तिथे स्टिक टेकवायची, तिला हात लावला की बाजूच्या टेबलवरचे लोक हसणार अशी काहीतरी समजूत आहे आपल्याकडे. त्यामुळे होतं काय, की जिथे रेस्ट लागतो तिथे लोक एक्स्टेन्शन लावून टेबलावर पालथे पडतात आणि जिथे एक्स्टेन्शनने काम झालं असतं तिथे उगाच रेस्ट शोधत फिरतात, आणि टेबलचा टाइम चालूच असतो.

सोपं आहे बघा. शॉटला दोन हात लागतात, पुढचा टेबलावर टेकलेला ज्याच्यावरून स्टिक सरकते, आणि मागचा बटवर, म्हणजे स्टिकच्या मागच्या जाड भागावर. लांबचा शॉट आला की विचारायचं, कुठला हात कमी पडतोय? पुढचा हात व्हाईटच्या, म्हणजे ज्याला स्टिक मारतो त्या पांढऱ्या बॉलच्या, मागे नीट पोचतोय पण अंग इतकं ताणलं गेलंय की मागच्या हाताखालची स्टिकच संपली, दोन बोटं बटवर आणि बाकीची हवेत, तर एक्स्टेन्शन. पुढचा हातच व्हाईटपर्यंत जात नाही, तर रेस्ट. तिथे मागे फूटभर एक्स्टेन्शन लावलं तरी तुमचा डावा हात एक इंचही लांब होणार नाही. दोन्ही हात कमी पडतायत तर दोन्ही लावा, स्नूकरवाले लाँग रेस्ट आणि हाफ बट, म्हणजे खास लांब स्टिक, घेतात ते त्यासाठीच.

हे पैसे घालायच्या आधी टेबलवर करून बघा. व्हाईट टेबलच्या मधोमध ठेवा आणि लांबीच्या दिशेने, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये मारायचा आहे असं समजून स्टिक घेऊन टेबलावर वाका, एक पाय जमिनीवर पाहिजे. नऊ फुटी पूल टेबल म्हणतो त्याची खेळायची जागा १०० बाय ५० इंच असते, म्हणजे मधला बॉल बाजूच्या कुशनपासून (टेबलची रबरी कड) २५ इंचावर पण मागच्या कुशनपासून ५० इंचावर. रुंदीच्या बाजूने मारायचं असेल तर कोणीही पोचतो. लांबीने मारायचं असेल तर बाजूने तिरकं वाकून जावं लागतं आणि तिथे उंचीचा फरक पडतो. मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. टिप, म्हणजे स्टिकचं पुढचं टोक, व्हाईटला लागायच्या क्षणी कोपराखालचा हात साधारण सरळ खाली लटकलेला असायला हवा, फोटोत तो पुढे ओढलेला दिसला आणि मूठ बटच्या अगदी टोकाला असली तर स्टिक तुम्हाला आखूड पडतेय. आणि हे नेहमीच्या सोप्या शॉटलाही होत असेल, म्हणजे सहा फुटांच्या वरचे लोक किंवा लांब हातवाले, तर त्यांनी दोन ते चार इंचाचं एक्स्टेन्शन कायमचंच लावून ठेवावं, कारण पूलची स्टिक ५७-५८ इंचाची येते आणि ती काही तुमचं माप घेऊन बनवलेली नसते.

ठाण्या-नवी मुंबईत अजून एक भानगड असते ती जागेची. ५८ इंची स्टिक नीट मागे ओढायची तर चारी बाजूंच्या कुशनपासून जवळपास पाच फूट मोकळं पाहिजे, म्हणजे नऊ फुटी टेबलला साधारण अठरा बाय चौदा फुटांची खोली. आता घोडबंदर रोडला किंवा वाशीत गाळ्यांचं भाडं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बऱ्याच पार्लरमध्ये एखादा खांब, सोफा नाहीतर कूलर मध्ये येतोच. तुम्ही आठ इंचाचं एक्स्टेन्शन लावून कुशनजवळच्या बॉलवर उभे राहिलात की मागे भिंतीला टक्क. म्हणून तुमचा नेहमीचा अड्डा जर असा अडचणीतला असेल तर कायमचं लावायचं एक्स्टेन्शन घेऊच नका, पटकन निघणारं घ्या. आणि पार्लरमध्ये आखूड स्टिक ठेवलेली असते ती नक्की कुठे असते ते विचारून ठेवा, अडचणीच्या कोपऱ्यात तीच कामाला येते.

आता एक्स्टेन्शनचे प्रकार. पहिला, मागून आट्यांनी बसणारा. बटच्या टोकाला जो रबरी बंपर असतो तो काढला की आत बोल्टचं भोक असतं, एक्स्टेन्शन त्यात फिरवून बसतं. सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात चांगला प्रकार हाच, शॉटचा आवाज पण बदलत नाही फारसा. घोळ एवढाच की आटे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. प्रेडेटर, मेझ वगैरे कंपन्या आपापल्या स्टिकला बसेल असं एक्स्टेन्शन स्वतःच विकतात, तर शक्यतो ज्या कंपनीची स्टिक त्याच कंपनीचं घ्यायचं, आणि ऑनलाइनवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं दिसलं की आधी आट्यांचं माप विचारायचं, नाही सांगितलं तर सोडून द्यायचं. काही स्टिकचा बंपर गोंदाने चिकटवलेला असतो, तो स्क्रू ड्रायव्हर घालून उपटू नका, बटचं लाकूड चिरतं. आणि काही स्वस्त स्टिकमध्ये बंपरमागे नुसतं लाकूड असतं, भोक-बिक काही नाही. अशा स्टिकला आटे पाडून घेता येतात पण ते काम क्यू दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, ओळखीच्या लेथवाल्याकडे नको, भोक अर्धा मिलिमीटर जरी तिरकं गेलं तरी एक्स्टेन्शन वाकडं उभं राहतं आणि मग झोपल्यावर नजर तिकडेच जाते.

दुसरा प्रकार बाहेरून चढवायचा, म्हणजे आतून रबर लावलेली नळी, बटवर दाबून बसवायची. स्नूकरवाले हाच जास्त वापरतात, बऱ्याचदा टेलिस्कोपिक असतो, पाहिजे तेवढा ओढून लॉक करायचा. याच्यात आट्यांची कटकट नाही, मित्राच्या स्टिकलाही चालतो. पण माप बघून घ्या. स्नूकरच्या स्टिकचा बट साधारण २९ मिलिमीटर जाड असतो आणि पूलच्या स्टिकचा ३१-३२ पर्यंत जातो, त्यामुळे स्नूकरसाठी बनवलेली नळी पूलच्या बटवर चढतच नाही असं होतं, आणि उलटं घेतलं तर ढिली बसून शॉटच्या वेळी सरकते. घरी मोजायला कागदाची पट्टी बटच्या टोकाला गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा, ती लांबी ३.१४ ने भागा. ९१ मिलिमीटर आली तर २९ चा बट, ९९ आली तर साडेएकतीसचा. दुकानात चढवून बघताना एक हात नळीवर आणि एक बटवर ठेवून जोरात ओढा, लाजू नका, शॉटमध्ये मागे ओढताना निसटली तर काय उपयोग.

तिसरा, बट आणि शाफ्टच्या, म्हणजे पुढच्या बारीक भागाच्या, मध्ये जॉइंटला बसणारा. हे जॉइंटच्याच आट्यांवर चालतं, ते पण पाच-सहा प्रकारचे, ५/१६ - १४, ३/८ - १०, रेडियल, युनी-लॉक असे. मला विचाराल तर साध्या खेळणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. गेम चालू असताना स्टिक खोलून परत जोडायची, आणि लांबच्या शॉटसाठी लागतं ते मागे, आपण वाढवतोय मध्ये. कायमची लांब स्टिक पाहिजे आणि बटची पकड सवयीची ठेवायचीय, अशा उंच माणसाला ठीक आहे.

वजनावर जरा थांबतो, कारण इथे लोक डोळे झाकून ‘कार्बनचं दे, हलकं असतं’ करतात. समजा १९ औंसची स्टिक आहे आणि तिचा बॅलन्स, म्हणजे एका बोटावर ती आडवी तोलली जाते ती जागा, मागच्या टोकापासून साडेअठरा इंचावर आहे. तिला मागे आठ इंचाचं तीन औंसचं, म्हणजे ८५ ग्रॅमचं एक्स्टेन्शन लावलं तर बॅलन्स जवळपास तीन इंच मागे सरकतो. तुम्ही पकड जुन्याच जागी ठेवलीत तर स्टिक पुढून एकदम हलकी लागेल, टोक वर उचललं जाईल, सॉफ्ट शॉटला हात डगमगेल. पण एक्स्टेन्शन लावलंच आहे ताणून मारायला, तेव्हा पकडही सहाएक इंच मागे गेलेली असते ना. म्हणजे हात सहा इंच मागे आणि बॅलन्स तीन इंच मागे, हाताच्या हिशोबाने स्टिक उलट पुढून जड झाली. आता तेच दीड औंसचं हलकं एक्स्टेन्शन घेतलं तर बॅलन्स दीड-पावणेदोन इंचच मागे जातो आणि स्टिक हाताला आणखी पुढून जड लागते. त्यामुळे कायम लावून ठेवायचं आणि पकड फारशी हलवायची नसेल तर हलकं घ्या, फक्त ताणलेल्या शॉटला लावायचं असेल तर थोडं वजन असलेलं ॲल्युमिनियमचं पण छान चालतं आणि खिशालाही बरं पडतं. लांबीचं म्हणाल तर ताणलेल्या शॉटसाठी सहा ते आठ इंच पुष्कळ झालं. फूटभराचं स्नूकर टेबलवर ठीक, ते टेबलच बारा फुटी, आपल्या पूल टेबलवर एवढं लागावं असा शॉट असेल तर तो रेस्टचा शॉट आहे.

लावल्यावर एक सॉफ्ट आणि एक जोरात शॉट मारून कान देऊन ऐका. खडखड किंवा बारीक झणझण आली तर एकतर आटे पूर्ण बसले नाहीत किंवा बटच्या आतला वजनाचा (वेट) बोल्ट ढिला आहे. बोल्ट ॲलन कीने आवळता येतो, आटेच खराब असतील तर ते एक्स्टेन्शन परत द्या.

रेस्टकडे येऊ. आपल्याकडे पूलच्या आधी बिलियर्ड्स-स्नूकर आलं, आपल्या विल्सन जोन्सने १९५८ मध्ये वर्ल्ड ॲमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकलं, पुढे मुंबईचे बिलियर्ड्स चॅम्पियन मायकल फरेरा, तो सगळा वारसा तिकडचा. त्यामुळे पार्लरमध्ये शब्द पण स्नूकरचे चालतात आणि वस्तू पण. पूल टेबलच्या खाली जो रेस्ट लटकलेला असतो तो बऱ्याचदा स्नूकरचा फुलीवाला असतो, पितळी नाहीतर प्लॅस्टिकच्या डोक्याचा. स्नूकरच्या स्टिकचं टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचं आणि पूलचं बाराच्या पुढे, त्यात पूलचा शाफ्ट पुढे बराच अंतर एकसारखा जाड राहतो, म्हणून तो त्या फुलीच्या खाचेत खोल न बसता वरच राहतो, जरासा डुलतो. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न, त्यामुळे ती थोडी वाढलेली उंची पुष्कळदा खपून जाते, पण डुलणं त्रास देतं. फुली ९० अंशात फिरवून बघा, एका बाजूने ती उंच उभी राहते आणि दुसऱ्या बाजूने बुटकी. बुटक्या बाजूने स्टिक जास्त आडवी राहते, नेहमी आधी तीच बाजू ट्राय करायची. हे कित्येक लोकांना माहीतच नसतं आणि कायम उंच बाजूने मारून व्हाईट उडवत बसतात.

खास पूलसाठीचं जे डोकं असतं त्याला वरच्या बाजूला चार-पाच खाचा असतात, वेगवेगळ्या उंचीच्या, आडवं ठेवलं की वेगळी उंची, उभं ठेवलं की आणखी वेगळी. पूलसाठी मला हेच सगळ्यात आवडतं. पाया रुंद असतो, हलत नाही, आणि बाजूची खाच वापरून अडचणीतल्या बॉलला वळसा घालता येतो. स्वतःचं डोकं विकत घ्यायचं असेल तर एक छोटं रबरी किंवा नायलॉनचं मिळतं जे कुठल्याही दुसऱ्या स्टिकच्या टोकावर चढवता येतं, बॅगच्या खिशात मावतं, पार्लरमधली कुठलीही स्टिक घेतली की झाला रेस्ट. चढवून खाली धरून झटका द्या, निसटून पडलं तर घेऊ नका, कारण मॅचमध्ये ते नेमकं बॉलवर पडणार. खाचांच्या कडेवरून नख फिरवा, कुठे बारीक धार लागली तर ती तुमच्या शाफ्टवर रोज एक रेघ मारणार. लाकडी शाफ्टला पितळेपेक्षा प्लॅस्टिक-नायलॉन मानवतं.

स्पायडर म्हणजे उंच पायांचा, व्हाईटच्या मागे लागूनच दुसरा बॉल असला की त्याच्या डोक्यावरून जायला. हंसाच्या मानेसारखा पुढे वाकलेला पण असतो, तो बॉल्सच्या अख्ख्या घोळक्यावरून जायला, स्नूकर टेबलशिवाय सहसा दिसत नाही. पूल पार्लरमध्ये स्पायडर नसेल तर दोन रेस्ट मागा आणि एकाच्या दांड्यावर दुसऱ्याचं डोकं चढवून उंची मिळवा, वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे नियम एका शॉटला दोन रेस्टपर्यंत परवानगी देतात, रचना कशी करायची ते तुमच्यावर. एक्स्टेन्शनलाही त्या नियमात पूर्ण मुभा आहे, आतलं असो की बाहेरून लावलेलं. त्यामुळे कोणी ‘हे चीटिंग आहे’ म्हणालं तर हसून सोडा.

मारायचं कसं, ते महत्त्वाचं. रेस्टचं डोकं व्हाईटच्या मागे साधारण वीतभर अंतरावर, फार जवळ ठेवलं तर फॉलो-थ्रूला, म्हणजे मारल्यावर स्टिक पुढे जाते त्याला, अडतं आणि फार लांब ठेवलं तर टिप भरकटते. दांडा टेबलवरच आडवा ठेवायचा आणि डाव्या हाताने दाबून धरायचा, हवेत धरलात की गेलं. दांडा स्टिकच्या बरोबर खाली नको, जरा डावीकडे तिरका ठेवा म्हणजे उजव्या हाताला जागा मिळते. स्टिक मागून पेन धरतो तशी, अंगठा खाली आणि दोन-तीन बोटं वर, कोपर खांद्याच्या उंचीला बाजूला काढलेला, आणि हात पेंड्युलमसारखा खाली-वर न जाता कोपरातून आडवा हलतो. हनुवटी शक्य तेवढी खाली, नेहमीपेक्षा थोडी वर राहणारच. जोर कमी. साईड स्पिन तर विसराच, आणि बॅकस्पिनची पण फार आशा ठेवू नका कारण डोक्याच्या उंचीमुळे स्टिक थोडी उतरतीच असते. मधोमध किंवा किंचित वर मारा, व्हाईट कुठे थांबेल याचा प्लॅन त्या हिशोबाने आधीच करा. मारून झालं की रेस्ट सरळ मागे ओढून मग उचला. अर्धे फाऊल या उचलण्यातच होतात, व्हाईट कुशनला लागून परत येत असतो आणि हा बाबा रेस्ट आडवा फिरवतोय.

फाऊलवरून आठवलं, ताणून मारताना एक पाय जमिनीला टेकलेलाच पाहिजे, आणि अंगावरचं काही बॉलला लागलं तरी फाऊल. ऐरोली-महापेहून ऑफिस सुटल्यावर थेट खेळायला येणारी पोरं गळ्यात आयडी कार्ड तसंच ठेवून टेबलवर वाकतात आणि ते कार्ड बरोबर ८ नंबरच्या बॉलवर जाऊन बसतं. काढून खिशात टाका राव. रेस्ट बॉलला लागला तर तो तुम्हीच लावलात असं धरतात. काही पार्लरमध्ये फक्त व्हाईटला लागलं तरच फाऊल असं खेळतात, म्हणून पैज लावायच्या आधी हे बोलून घ्या.

आणि पैसे खर्च न करता करायची गोष्ट, डाव्या हाताने मारायला शिका. पूर्ण गेम नको, फक्त दीड-दोन फुटांचे सरळ शॉट जमले तरी रेस्टची निम्मी गरज संपते. स्नूकरचा चॅम्पियन रॉनी ओ’सुलिव्हन मुळात उजव्या हाताचा, पण डाव्या हाताने इतकं सहज मारतो की १९९६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये समोरच्या अलेन रोबिडूला तो आपला अपमान वाटला होता. तेवढं आपल्याला नको, पॉकेटच्या तोंडावरचा बॉल टाकता आला की बस्स.

घेण्याचा क्रम माझ्या मते असा: आधी रबरी रेस्ट-डोकं, कारण पार्लरमधला रेस्ट कसा असेल याचा भरवसा नाही आणि हे सगळ्यात स्वस्त. मग काही दिवस खेळून, फोटो काढून, मागचा हात खरंच कमी पडतोय असं दिसलं तर एक्स्टेन्शन. स्टिक हजार-दोन हजारांची असेल आणि एक्स्टेन्शन तेवढ्याच किमतीचं, तर ते पैसे साठवून पुढे स्टिकच चांगली घ्या, मागे आटे असलेली.

बॅग घेतानाच एक्स्टेन्शनचा खिसा आहे का बघा. पूलची स्टिक मध्ये निघून अडीच फुटांचे दोन तुकडे होतात त्यामुळे ठाणे-वाशी लोकलमध्ये खांद्याला लावून जाता येतं, स्नूकरची तीन-चतुर्थांशवाली लांब केस घेऊन संध्याकाळी सातच्या गर्दीत चढायची हौस कोणी करू नये. एक्स्टेन्शन स्टिकला लावून बॅगेत कोंबू नका, आट्यांवर ताण येतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको, घरी आल्यावर आटे कोरड्या फडक्याने पुसा, ॲल्युमिनियमच्या आट्यांवर पांढरी भुकटी दिसली तर जुन्या टूथब्रशने काढा, आणि चढवायची रबरी नळी असेल तर ती बटवर चढवून तशीच आठवडाभर ठेवू नका, रबर चिकट होऊन पॉलिशवर गोल डाग पडतो, तो मग निघत नाही.